अकरा वाजेपर्यंतचं धुकं

विमल, परवा विहारात, तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला माणसं मावत नव्हती. सावरगावहून तुझ्या अंगणवाडीतल्या बाया आल्या होत्या, रामाकोन्याहून तुझं सगळं माहेर आलं होतं. सगळे चांगलं बोलले. कुणी म्हणालं, बाईंनी आमच्या घरातल्या दोन पिढ्यांना खिचडी वाढली. कुणाला तुझा आवाज आठवला. मला दोनदा उठून बोलायची खूण झाली, पण मी उठलो नाही. मला जे सांगायचं होतं ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं. तुझ्या सकाळींबद्दल तिथे कुणीच बोललं नाही, कारण त्या कुणाला ठाऊक नव्हत्या. ठाऊक होत्या फक्त मला, आणि मीच त्यांच्यावर दोन वर्षं विश्वास ठेवला नाही.

आता दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून लिहायला बसलो. समोर तो अक्षरांचा तक्ता आहे आणि त्याच्यासमोर ती खुर्ची. पांढुर्ण्यात छत्तीस वर्षं मी लोकांच्या चष्म्याचे नंबर काढतो आहे. या खुर्चीत बसलेलं माणूस खोटं बोलत असलं तरी मला कळतं, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. तुलाही सांगितलं होतं.

पाच वर्षांमागची जानेवारी. तू झाडू घेऊन दारात उभी होतीस. आत मी दाढी करत होतो. तू म्हणालीस, "आज लय धुकं पडलं हो."

मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या दोरीवरचे कपडे एकेक करून मोजता येत होते. लिंबाच्या शेंड्यावर ऊन आलं होतं.

"कायचं धुकं? झोपेत आहेस तू अजून," मी म्हटलं.

तू हळूहळू अंगण झाडलंस. मी पाहिलं तेव्हा एक कोपरा तसाच राहिला होता, आणि तुझं कुठलंच काम तसं राहत नसे. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

मग ते रोजचं झालं. सकाळी तुला धुकं दिसायचं, दिव्याभोवती रंगांचं कडं दिसायचं, आणि अकरा-साडेअकरा झाले की सगळं लख्ख. मी तुला दुपारी दुकानात बोलावलं. मी मोकळा असतो दुपारीच. या खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, दुसरा झाकला. तू शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचलीस. मी म्हटलं, "पाह्य, तुले काही झालं नाही." तरी तुझ्या समाधानासाठी पाव नंबर वाढवून दिला. चार महिन्यांनी अजून पाव, मग परत पाव कमी केला. सौंसरला डोळ्यांचं शिबीर लागलं तेव्हा तिथेही नेलं. आपला नंबर भरदुपारी लागला. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले, मोतीबिंदू आहे पण कच्चा आहे, घाई नका करू. झालं. त्या दिवसापासून माझ्या लेखी तुझी तक्रार संपली.

माझ्या बुबुळाच्या कडेनं पांढरं कडं आलेलं तू पाहायचीस. मी तुला समजवायचो, वय झालं की डोळ्याची काच जुनी होतेच, माझी होऊन राहिली तशी तुझी. किती आत्मविश्वासानं सांगायचो मी. माझं ते कडं आणि तुझं धुकं यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली एक सकाळ. आपण चहा घेत होतो. मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो, माझ्या मागे भिंतच होती. तू कप हातात धरून माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होतीस. बऱ्याच वेळानं विचारलंस, "तुमच्या मांगं कोण उभं हाय?"

मी वळून पाहिलं. विमल, माणूस कितीही नाही म्हणो, असं विचारल्यावर वळून पाहतोच.

"कोणी नाही. भिंत आहे."

"तुमच्याहून थोडा उंच हाय. बोलत नाही."

मला माझं ज्ञान दाखवायची घाई झाली. मी सांगितलं, डोळ्याच्या नंबरात फरक असला की एकाचे दोन दिसतात, तो दुसराही मीच. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तुमीच असान, तर हात हलवा बरं."

मी उजवा हात वर करून हलवला.

तू डोळे बारीक करून पाहिलंस. "तुमचा हलला," तू म्हणालीस. "त्याचा नाही हलला."

मी हसलो. पण त्या दिवशी दुकानात जाईपर्यंत मानेवर कुणाचा तरी श्वास असल्यासारखं वाटत होतं, हे तुला कधी सांगितलं नाही.

सुनीताचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. सावरगावची ती कापूस वेचायला जाणारी पोरगी, तिची धाकटी लेक तुझ्या अंगणवाडीत यायची. थोरलीही आधी तुझ्याकडेच होती, आदल्या उन्हाळ्यात तापानं गेली. तू तिच्या मयतीला गेली होतीस, तुला सगळं ठाऊक होतं. आणि तरी त्या सकाळी सुनीता लेकीचा हात धरून दारात आली तेव्हा तू रजिस्टरमधून मान वर करून म्हणालीस, "ये, दोघींलेही आणलं का आज?"

सुनीता जागीच थिजली. मग लेकीला उचलून जी गेली ती परत आली नाही. त्या दिवशी तू दुपारी घरी आलीस आणि पदराची गाठ सोडायची, परत मारायची, असं करत बसलीस. मी दहादा विचारलं तेव्हा सांगितलंस. "मले दोघी दिसल्या हो. एकमेकींचा हात धरून. तोंडातून निघून गेलं."

आठ दिवसांत ते जाम नदीच्या दोन्ही काठांना माहीत झालं. अंगणवाडीच्या बाईंना गेलेली माणसं दिसतात. दोन आयांनी पोरं पाठवणं बंद केलं. एक म्हातारी उलट तुझ्याकडे आली, आपला नवरा कुठे दिसला का विचारायला. पुलावरून तू जायचीस तेव्हा लोक बाजूला व्हायचे. तू मला म्हणालीस, पुलावरून खाली पाहिलं की पाण्यात माणसं उभी दिसतात, कपडे धुणारी एक असली तर दोन दिसतात, आणि त्यातली एक धूत नाही, नुसती उभी राहते.

आणि मी तुला काय म्हटलं ते आठवतं मला. आपल्या घरात कधी उतारा नाही, अंगारा नाही, माझ्या बापानं देव्हारा हलवला तेव्हापासून भूत हा शब्द आपल्या उंबऱ्याच्या आत आला नाही. मला त्याचा अभिमान. मी म्हटलं, "तू सेविका आहेस, लोकं तुझ्याकडून शिकतेत. तूच असं बोलून राहिली तर विहारात मी काय तोंड दाखवू? बंद कर हे." तू भूत म्हटलंच नव्हतंस. तू फक्त दिसतं ते सांगत होतीस. भूत मी म्हटलं. आणि भुतावर विश्वास नाही म्हणून मी तुझ्यावरही ठेवला नाही.

त्यानंतर तू सांगणं बंद केलंस. मला वाटलं, बरं झालं, गेलं डोक्यातून.

दोन वर्षं अशीच गेली. मग ती पौर्णिमेची सकाळ आली. सूर्य नुकताच वर आला होता. तू बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायला बसलीस. काडी पेटवलीस आणि मेणबत्तीच्या चार बोटं डावीकडे, जिथे काहीच नव्हतं, तिथे धरून राहिलीस. वात पेटायची वाट पाहत. काडी बोटापर्यंत जळत आली तरी तू धरूनच होतीस, कारण तुझ्या डोळ्यांना तिथे मेणबत्ती होती. खालच्या पांढऱ्या कापडाला भोक पडलं. मी धावत येऊन काडी झटकली. तुझ्या बोटाला फोड आला होता. तो पाहायला मी बॅटरी आणली आणि उजेड बाजूनं तुझ्या तोंडावर पडला.

तेव्हा मला ते दिसलं. तुझ्या दोन्ही बुबुळांवर, काळ्याच्या पुढे, करडी वाफ होती. थंडीत आरशावर फुंकर मारावी तशी. मी बॅटरी या बाजूनं धरली, त्या बाजूनं धरली. ती वाफ होतीच. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी हजारो डोळे पाहिले, पण माझ्या बायकोचे डोळे सकाळी सात वाजता कधी पाहिले नव्हते.

मला आधी मोतीबिंदूच वाटला. पण मोतीबिंदू आत असतो, बाहुलीच्या मागे, आणि तो येतो-जातो असं नसतं. मी तुला म्हटलं, बस. त्या दिवशी दुकान उघडलं नाही. तू खाटेवर, मी समोर स्टुलावर. दर पंधरा मिनिटांनी मी बॅटरी धरत होतो. आठ वाजता वाफ तशीच. नऊला खालून थोडी विरळ. दहाला मला तुझ्या बुबुळाचे तपकिरी धागे दिसायला लागले. तू माझ्याकडे पाहत होतीस, आणि मला कळत होतं की तुलाही मी असाच हळूहळू दिसत चाललो आहे, आधी आकार, मग चष्मा, मग तोंड. अकराला दोन्ही डोळे काचेसारखे स्वच्छ. या दुकानात दुपारी दिसायचे तसेच.

"दिसलं?" तू विचारलंस.

"दिसलं."

एवढंच बोलणं झालं. मला त्याच वेळी अजून काहीतरी बोलायला हवं होतं. मी उठून गाडीचा टाइम पाहायला गेलो.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्राला हनुवटी टेकवून पाहिलं आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं. मला दोन वर्षांत जे कळलं नाही ते. त्या समजावून सांगत होत्या तेव्हा तू त्यांच्याकडे पाहत होतीस आणि मी फरशीकडे. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काच. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. डोळ्यातलं पाणी सारखं त्या काचेत झिरपायला बघतं आणि त्या पेशी ते सारख्या बाहेर फेकतात, म्हणून काच पारदर्शक राहते. जन्माला येताना जेवढ्या पेशी मिळाल्या तेवढ्याच, नवीन होत नाहीत. वयाबरोबर एकेक मरते, शेजारच्या पसरून तिची जागा भरतात. हे प्रत्येकाचं होतं. बहुतेकांना त्या मरेपर्यंत पुरतात. तुझ्या लवकर संपत आल्या होत्या.

"रात्रभर डोळे मिटलेले असतात," त्या म्हणाल्या, "पाणी उडून जायला वाव नसतो. काच फुगते. सकाळी धुकं. डोळे उघडे राहिले की हळूहळू सुकतं. तुम्ही यांना तपासायचे कधी?"

"दुपारी," मी म्हटलं.

त्यांनी मला बोल लावला नाही. माझेही डोळे पाहिले. पांढरं कडं नुसतं वयाचं आहे, म्हणाल्या, त्यानं काही होत नाही, मधली काच एकदम साफ आहे. ते ऐकून मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

तू मात्र तुझं विचारलंसच. "डॉक्टरीणबाई, मले यांच्या मांगं माणूस दिसते."

"फुगलेल्या काचेतून उजेड फाटतो. एकाचे दोन दिसतात."

"मंग दोघाईचा हात हलला पायजे ना?"

त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, आणि सकाळी हातभर अंतरावरून केस वाळवायच्या यंत्राची हवा डोळ्यांवर घ्यायला सांगितली. ते यंत्र घरात आलं तेव्हा शेजारणी हसल्या, म्हातारपणी विमलबाईंना नखरे सुचले. तू रोज उजाडता तो वारा तोंडावर घेत बसायचीस, डोळे उघडे ठेवून.

वर्षभरानं थेंब पुरेनात. मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. गेलेल्या माणसाच्या डोळ्यातला तो आतला पातळ थर काढून तुझ्यात बसवायचा. तू विचारलंस, तरण्या माणसाचा का म्हाताऱ्याचा? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालेल्याचाच बरा, तरण्याचा थर गुंडाळी होऊन बसतो, उलगडता उलगडत नाही. तुला ते फार आवडलं. "म्हातारं माणूसही कामी येते मंग," तू म्हणालीस. पण कुणाचा, पुरुषाचा का बाईचा, ते त्या सांगेनात. तसा नियमच आहे म्हणाल्या.

ऑपरेशननंतर तुला उताणं निजवलं. आत हवेचा बुडबुडा सोडला होता, तो त्या थराला वर काचेशी दाबून धरणार होता, म्हणून तोंड छताकडेच ठेवायचं. मी खुर्चीवर बाजूला. पट्टी काढल्यावर तू म्हणालीस, डोळ्यापुढे एक काळा गोल आहे, मान हलली की हलतो. मी सांगितलं, तो बुडबुडाच, विरघळेल. रोज तो लहान होत गेला. तू मला त्याचं माप सांगायचीस, आज रुपयाएवढा, आज मटराएवढा. एका सकाळी म्हणालीस, "गेला." आणि मग बराच वेळ छताकडे पाहत पडून राहिलीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "काही नाही. ज्याचा हा थर हाय, आता तो अन् मी, दोघंच राहिलो."

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी उजव्या डोळ्यानं तू मला सात वाजता पाहिलंस. कितीतरी वर्षांनी. निरखून म्हणालीस, "इतले म्हातारे कधी झाले तुमी?" आपण दोघं हसलो. ते हसणं मी जपून ठेवलं आहे.

डावा डोळा करून घ्यायला मात्र तू शेवटपर्यंत तयार झाली नाहीस. आपलं शेवटचं भांडण तेच. मी तारीख घ्यायचो, तू मोडायचीस. "एकानं भागून राहिलं ना," म्हणायचीस. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण मी तुला पकडलं होतं. रोज सकाळी मी चहाला बसलो की तू उजवा डोळा तळहातानं झाकायचीस आणि डाव्या, धुक्याच्या डोळ्यानं माझ्याकडे पाहायचीस. क्षणभरच. मग हात काढून कप उचलायचीस.

एकदा मी विचारलं, "अजून आहे?"

"हाय."

"कोण आहे ते तरी सांग."

"मले ओळखू येते, पण नाव नाही सांगता येत. तुमाले त्रास नाही देत तो. राहू द्या."

मी मग विचारणं सोडलं. खरं सांगायचं तर मी त्या भिंतीला पाठ लावून बसणंही सोडलं होतं, खाट सरकवून घेतली होती. तू पाहिलंस आणि गालात हसलीस. या दिवाळीच्या सुमारास एकदा आपण होऊन म्हणालीस, "आता जवळ आला थोडा." मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.

तू गेलीस त्या सकाळीही उजवा डोळा झाकलास. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी कप खाली ठेवला. तू म्हणालीस, "आज तो पुढं हाय. तुमी मांगं."

"मतलब?" मी विचारलं.

दुधवाल्यानं हाक मारली आणि तू भांडं घेऊन उठलीस. ते बोलणं तिथंच राहिलं.

दुपारी दोनला मी जेवायला घरी आलो तर तू खाटेवर भिंतीला टेकून बसली होतीस, मांडीवर मेथीची जुडी, अर्धी निवडलेली. हात लावला तेव्हा अंग कोमट होतं. शेजारच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि मान हलवली. हृदय, म्हणाले. त्रास झाला नसावा.

तू नेत्रदानाचा अर्ज भरून ठेवला होतास, उजवा डोळा बरा झाला त्याच महिन्यात. काय करायचं ते मला पाठ होतं, मी दुकानात लोकांना सांगायचो. पंखा बंद केला. डोक्याखाली दोन उशा घातल्या. डोळे मिटले, पापण्यांवर ओला कापूस ठेवला. नागपूरला फोन केला. मग तुझा भाऊ रामाकोन्याहून आला. त्यानं कापूस पाहिला आणि मला बाहेर बोलावलं.

"भाऊजी, तिनं डोळ्याचं लय सोसलं. आता तरी राहू द्या जागेवर."

"तिनं लिहून दिलं आहे."

"लिहून देते माणूस. तुमी कापू देऊन राहिले तिले?"

तो रडत होता. मी म्हटलं, "मी तिचं एकदा ऐकलं नव्हतं. आता ऐकू दे." तो आत गेला आणि तुझ्या पायाशी जाऊन बसला.

गाडीला यायला वेळ लागत होता. पाच वाजत आले होते. कापूस पुन्हा ओला करायचा म्हणून मी उचलला आणि हातात बॅटरी होती म्हणून, सवयीनं, पापणी वर केली. डावा डोळा करडा झाला होता, अगदी त्या पौर्णिमेच्या सकाळसारखा. मग मी उजवा उघडला.

विमल, तो स्वच्छ होता. तुला जाऊन तीन तास झाले होते. तुझे हात गार पडले होते, जबडा आवळला होता. आणि उजव्या डोळ्याची काच पाण्यासारखी निर्मळ, आतला प्रत्येक धागा दिसत होता. मला कारण ठाऊक होतं. माणूस गेलं तरी त्या पेशी काही तास जगतात. पण त्या तुझ्या नव्हत्या. ज्याचं नाव आपल्याला कुणी सांगितलं नाही तो कुणी म्हातारा किंवा म्हातारी, आपण मेलो आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं, तूही गेलीस हे ठाऊक नव्हतं, आणि तो आत बसून पाणी बाहेर फेकत होता. मी बॅटरी विझवली नाही. त्या डोळ्यातून कुणीतरी माझ्याकडे पाहत आहे असं मला वाटलं, आणि मी घाबरलो नाही. मी पापणी मिटली, कापूस ठेवला आणि हात जोडले. तुला जोडले का त्याला, सांगता येणार नाही.

नागपूरहून आलेली मुलगी शांत होती. तिनं कागद वाचले, डोळे पाहिले. म्हणाली, "काका, हे कुणाला बसवता येणार नाहीत. डाव्याला आजार आहे, उजव्यात आधीच दुसऱ्याचा थर आहे. शिकणाऱ्या डॉक्टरांना सरावाला डोळे लागतात, त्यासाठी नेते. चालेल?" मी हो म्हटलं. तिला वीस मिनिटं लागली. तुझा चेहरा होता तसाच राहिला, तुझ्या भावानंही तो पाहिला.

मी परवापासून दुकान सकाळी साडेसहाला उघडतो. पाटीवर लिहून घेतलं आहे, सकाळी धूसर दिसणाऱ्यांनी सकाळीच यावे. लोकांना वाटतं बायको गेली म्हणून म्हाताऱ्याला घरात करमत नाही. तेही खरं आहे.

आज बोरगावचे एक म्हातारे आले, पहिल्या बसनं. काल दुपारी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला होता. चांगला नोकरदार माणूस, कंटाळलेला. म्हणाला, "दुपारी याले पेपर वाचता येते. सकाळी भिंतीले धरून चालते. नाटकं करून राहिला." मी सांगितलं, उद्या उजाडता घेऊन या, उठल्यावर तोंडही धुवू देऊ नका. आज आले. मी म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवलं, बाजूनं बॅटरी धरली आणि मुलाला वाकून पाहायला लावलं. मुलगा बराच वेळ वाकून राहिला. मी नागपूरचा पत्ता लिहून दिला.

म्हातारे माझ्याकडे पाहत होते. त्यांना मी दिसत नव्हतो, आवाजाच्या दिशेनं पाहत होते. "मंग खरंच हाय का ते?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं.

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मले वाटलं, मी पागल होऊन राहिलो," ते म्हणाले. "कोणाले सांगतलं नाही. वर्ष झालं."

ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढून त्या खुर्चीत बसून राहिलो. विमल, तू मला धुकं सांगितलंस, काळा गोल सांगितलास, माझ्या मागचा माणूस सांगितलास. हे एक तू मला कधीच सांगितलं नाहीस.